फ्युएल पंप बदलण्याआधी मीटर लावा: विजेचा दोष शोधण्याची आणि दुरुस्त करण्याची रीत

मे महिन्यात खानदेशात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या जागोजागी दिसतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी, जळगावहून चाळीसगावला परतताना पाचोऱ्याच्या अलीकडे केळीने भरलेला ट्रक ओलांडत असतानाच माझी पेट्रोल गाडी गुदमरू लागली आणि बंद पडली. सेल्फ व्यवस्थित फिरत होता, पण इंजिन धरत नव्हते. अर्धा-पाऊण तास निंबाच्या सावलीत थांबल्यावर ती जणू काही झालेच नाही अशी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये लक्षण ऐकताच निदान झाले, "पंप गया, भाऊ." काही हजार रुपये खर्चून टाकीतला पंप बदलला आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा तशीच बंद पडली. दोष पंपात नव्हताच. मागच्या सीटखाली गालिच्याच्या आत गंजलेल्या अर्थिंगच्या, म्हणजे परतीची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या, एका बोल्टात तो होता, आणि तो सापडायला चारपाचशे रुपयांचा मल्टिमीटर पुरला.

ज्यांनी गाडीच्या वायरिंगला कधी हात लावलेला नाही, परंतु पाना आणि पकड धरता येते, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. यातील रीत टाकीत विजेचा पंप असलेल्या, मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा इंजेक्टर पेट्रोल फवारतो अशा) पेट्रोल गाड्यांना लागू होते. डिझेल गाड्यांची रचना वेगळी असल्याने त्या येथे घेतलेल्या नाहीत.

## १. आधी सुरक्षितता

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साचते, आणि पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. आपल्या उन्हाळ्यात बंद शेडमध्ये हे काम करणे म्हणजे थेट जिवाशी खेळ आहे. गाडी मोकळ्या जागी, सावलीत उभी करा, चारही दरवाजे उघडे ठेवा आणि जवळपास कोणालाही विडी-सिगारेट ओढू देऊ नका. कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवा.

टाकीच्या आसपास वायर घासून ठिणगी पाहण्याची सवय पुष्कळ जुन्या वायरिंगवाल्यांना असते. तसे कदापि करू नका आणि आपल्या गाडीवर कोणाला करू देऊ नका. टाकीजवळचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, जोडताना किंवा काढताना किल्ली बंद असली पाहिजे. वायर कापण्याची किंवा जोडण्याची वेळ आली, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून ठेवा. पेट्रोलचा वास येत असेल किंवा टाकीवर ओल दिसत असेल, तर हा लेख तेथेच बाजूला ठेवा, किल्ली फिरवू नका आणि गाडी ओढून न्यायची व्यवस्था करा.

## २. कागदपत्रे आणि हत्यारे

कागदांपैकी गाडीचे माहितीपुस्तक आणि त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा हे दोन अत्यावश्यक आहेत. नकाशाशिवाय वायरींच्या रंगांवर अंदाज बांधणे फसवे ठरते, कारण कंपनीनुसार आणि कधीकधी वर्षानुसार रंग बदलतात. त्याशिवाय आरसी बुकावरून चेसिस नंबर लिहून घ्या. अनेक कंपन्यांनी पंपातील दोषासाठी गाड्या परत बोलावून तो भाग फुकट बदलून दिलेला आहे. जून २०२० मध्ये होंडाने भारतात ६५,६५१ गाड्यांसाठी, तर जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्यांसाठी अशी मोहीम जाहीर केली होती. विशेषतः जुनी गाडी विकत घेतलेल्यांनी आपला नंबर कंपनीकडून तपासून घ्यावा, कारण आधीच्या मालकाने ते काम करून घेतलेच असेल असे नाही. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काहीच उघडू नका.

हत्यारे पुढीलप्रमाणे लागतील:

- डिजिटल मल्टिमीटर, आणि त्याला जोडायला तीन-चार मीटर लांब वायरीचे दोन तुकडे
- इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट, दोन वायरी काढून
- गाडीला लागतात त्याच क्षमतेचे दोन-तीन फ्यूज आणि त्याच नंबरचा एक रिले (पंपाचा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच)
- १० नंबरचा पाना, पेचकस, क्लिप काढायची प्लास्टिकची पट्टी
- बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, पेट्रोलियम जेली
- क्रिम्पिंगची (वायरीवर धातूचा जोड दाबून बसवायची) पकड, लग (वायरीच्या टोकाला लावायची धातूची कडी) आणि हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी) नळी
- किल्ली फिरवायला एक समजूतदार माणूस

शेवटच्या नोंदीकडे दुर्लक्ष करू नका. किल्ली ऑन केल्यावर बहुतेक गाड्यांत पंप फक्त दोन-तीन सेकंद चालतो आणि इंजिन फिरल्याचा संकेत मिळाला नाही तर इंजिन सांभाळणारा गाडीतला संगणक त्याला बंद करतो. तेवढ्या वेळात एकट्याने किल्लीही फिरवायची आणि मागे मीटरही वाचायचा, हे जमत नाही. माझ्याकडे हे काम पुतण्याने केले.

## ३. दोष पंपाच्याच वाटेवर आहे ना, याची खात्री करा

सेल्फच फिरत नसेल तर हा लेख आपल्या कामाचा नाही, प्रश्न बॅटरीचा किंवा सेल्फचा आहे. सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, किंवा चालती गाडी चढावर आणि ओव्हरटेक करताना दम तोडते, असे असेल तर पुढे जा. टाकीत पेट्रोल आहे ना, हेही पाहा. पेट्रोलचा काटा ज्या तरंगत्या भागावर चालतो त्याची वायर पंपाच्याच कपलरमधून जाते, त्यामुळे कपलर खराब असेल तर काटाही चुकीचे दाखवतो. डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा (किल्ली ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर किल्ली ओळखली गेलेली नाही, आणि अशा वेळी काही गाड्यांत पंपाला आज्ञाच मिळत नाही.

आता मागची सीट उचला, कान खाली न्या आणि सोबत्याला किल्ली ऑन करायला सांगा. दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू आली पाहिजे. आवाज अजिबात आला नाही तर पायरी ४ पासून क्रमाने जा. आवाज येतो पण मंद, ओढल्यासारखा आहे, तर थेट पायरी ६ वर जायला हरकत नाही.

उन्हाळ्यात गाडी बंद पडली की "पेट्रोलची वाफ झाली, ओले फडके ठेवा" असा सल्ला हमखास मिळतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत, जेथे पंप गरम इंजिनला चिकटून असे आणि पेट्रोल ओढून घेई, तेथे तो योग्यच होता. टाकीतला पंप मात्र पेट्रोल साधारण तीन ते चार बार दाबाने पुढे ढकलतो आणि त्या दाबाखाली वाफ सहजासहजी होत नाही. थंड झाल्यावर सुरू होणाऱ्या आजच्या गाडीत मी आधी तापणारा जोड शोधतो.

## ४. फ्यूज

फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर पंपाचा फ्यूज कोणता ते दिलेले असते. तो बहुधा १५ अँपिअरचा निळा किंवा २० अँपिअरचा पिवळा असतो. नुसते डोळ्यांनी पाहू नका. फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे धातूचे ठिपके असतात, मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला धरून तांबडी तेथे किल्ली ऑन असताना आळीपाळीने लावली की दोन्हीकडे व्होल्टेज दिसले पाहिजे. काही गाड्यांत हा फ्यूज रिलेच्या पुढे असतो, तेथे ते दोन-तीन सेकंदच दिसेल.

फ्यूज उडालेला असेल तर त्याच क्षमतेचा दुसरा एकदाच लावून पाहा. तोही उडाला तर पुढे कोठेतरी वायर शॉर्ट आहे किंवा पंप अडकला आहे. ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज घालणे किंवा चांदीचा कागद गुंडाळणे म्हणजे फ्यूजऐवजी वायरिंगला जळायला लावणे, आणि ती वायरिंग पेट्रोलच्या टाकीकडे जाते.

आपल्याकडे खळ्यात, कापूस किंवा चारा ठेवलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी राहते, तेथे उंदरांनी कुरतडलेली वायर हे शॉर्टचे नेहमीचे कारण असते. बॉनेटखाली आणि मागच्या सीटखाली लेंड्या किंवा कापसाचे बोंदर दिसले, तर तेथूनच वायर तपासायला सुरुवात करा.

## ५. रिले

साध्या चार पायांच्या रिलेवर ३०, ८७, ८५ आणि ८६ हे आकडे कोरलेले असतात. ३० वर बॅटरीचा प्रवाह येतो, ८७ वरून तो पंपाकडे जातो, आणि ८५-८६ या रिलेच्या आतल्या गुंडाळीच्या दोन बाजू असतात. गुंडाळीला प्रवाह मिळाला की ३० आणि ८७ आत जोडले जातात.

सर्वात सोपी तपासणी म्हणजे त्याच पेटीतला तंतोतंत त्याच नंबरचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, काढून पंपाच्या जागी लावणे. गाडी सुरू झाली तर रिले बदलायचा. "टिक" आवाज आला म्हणजे रिले चांगला, हा समज मात्र सोडा, कारण गुंडाळी चालत असते आणि आतले संपर्कबिंदू जळालेले असतात. रिलेचे पाय काळे पडलेत का, आणि सॉकेटचे प्लास्टिक तांबूस होऊन फुगले आहे का, तेही पाहा. सॉकेट तापले असेल तर नवा रिलेही लवकरच जाईल.

दुसऱ्या रिलेनेही आवाज येत नसेल, तर आज्ञा येते का ते तपासा. रिले काढून सॉकेटच्या ८५ आणि ८६ च्या खाचांत मीटर लावा आणि किल्ली ऑन करा. दोन-तीन सेकंद १२ व्होल्टच्या आसपास दिसले तर आज्ञा येते आहे. येथे बल्ब लावू नका. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि गुंडाळीचा थोडासा प्रवाह पेलणारी संगणकातली नाजूक जोडणी त्याने जळू शकते. आज्ञाच येत नसेल तर इमोबिलायझर, इंजिन फिरल्याचा संकेत देणारा क्रँक सेन्सर, संगणकाचा स्वतःचा फ्यूज किंवा काही गाड्यांत असलेला धक्क्याने बंद होणारा सुरक्षा स्विच यांकडे वळावे लागते, आणि तेथे स्कॅनर असलेल्या माणसाकडे जाणे शहाणपणाचे आहे.

## ६. पंपाजवळचे व्होल्टेज, पंप चालू असताना

सगळ्या लेखात ही पायरी सर्वात महत्त्वाची आहे, आणि माझा पंप विनाकारण बदलला गेला तो नेमकी हीच वगळल्यामुळे.

गॅरेजमध्ये पंपाचा कपलर काढून मीटर लावला होता, १२.४ व्होल्ट दिसले होते, आणि "करंट येतोय, म्हणजे पंप खराब" असा निष्कर्ष काढला गेला होता. कपलर काढलेला असताना वायरीतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला, बोल्ट गंजाने भरलेला असला, तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. जोडातला अडथळा उघडा पडतो तो पंप प्रवाह ओढू लागल्यावरच. पंप साधारण चार ते सात अँपिअर घेतो. वाटेत अर्धा ओहम अडथळा असेल आणि पाच अँपिअर वाहत असतील, तर अडीच व्होल्ट तेथेच खर्च होतात आणि पंपाला उरलेल्या साडेनऊ-दहा व्होल्टवर काम करावे लागते.

मागची सीट उचलून लोखंडी झाकण काढले की कपलर दिसतो. त्यात बहुधा दोन जाड आणि दोन बारीक वायरी असतात. जाड वायरी पंपाच्या, बारीक पेट्रोलच्या काट्याच्या. नकाशावरून एकदा खात्री करून घ्या. कपलर जोडलेलाच ठेवायचा आणि त्याच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने, बारीक पिना हलकेच आत सारायच्या. वायरीचे आवरण टोचू नका, कारण त्या छिद्रातून पावसाळ्यात ओल आत जाते.

पंप सलग चालवण्यासाठी रिले काढून सॉकेटच्या ३० आणि ८७ या खाचा, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज असलेल्या जाड वायरीने जोडता येतात. हे फक्त साध्या चार पायांच्या रिलेच्या गाडीत आणि आकडे दोनदा पडताळल्यावरच करा. पंपावर स्वतंत्र नियंत्रक असलेल्या नव्या गाड्यांत ते करू नये. टाकीत निदान पाव भाग पेट्रोल असावे, कारण पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो.

आता पुढील चार मापे घ्या आणि वहीत लिहा (घट म्हणजे त्या दोन टोकांना मीटर लावल्यावर दिसणारे, वाटेत खर्च झालेले व्होल्टेज):

- बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज
- पंपाच्या दोन जाड पिनांवर व्होल्टेज
- बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून पंपाच्या पॉझिटिव्ह पिनेपर्यंतची घट
- पंपाच्या अर्थिंगच्या पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापर्यंतची घट

लांब वायरी येथे कामाला येतात. पॉझिटिव्ह बाजूची घट अर्ध्या व्होल्टच्या आत आणि अर्थिंगची घट ०.२ व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक समजा.

माझ्या गाडीत थंड असताना अर्थिंगची घट ०.९ व्होल्ट होती. गाडी उन्हात तासभर चालवून आणल्यावर बॅटरीवर १२.४, पॉझिटिव्ह बाजूची घट ०.३, अर्थिंगची घट ३.१ आणि पंपावर उरले ९ व्होल्ट, असा हिशेब निघाला. गंजलेला जोड तापतो, तापला की त्याचा अडथळा वाढतो, अडथळा वाढला की तो आणखी तापतो. म्हणून गाडी सकाळी जळगावला सुखरूप गेली आणि दुपारी परतताना बंद पडली. लक्षण उन्हातच येत असेल, तर सकाळच्या गारव्यात घेतलेल्या मापांवर भरवसा ठेवू नका.

येथे एक धोका सांगून ठेवतो. मल्टिमीटरची तांबडी वायर १० अँपिअरच्या छिद्रात राहून गेली आणि आपण व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटर स्वतःच शॉर्ट होतो आणि ठिणगी पडते. टाकीजवळ हे घडता कामा नये. प्रत्येक मापाआधी ते छिद्र पाहा.

## ७. दोष नेमका कोठे आहे

घट ज्या बाजूला जास्त, त्या बाजूचे जोड एकेक करून ओलांडत मीटर पुढे सरकवा. ज्या जोडाच्या अलीकडे घट जास्त आणि पलीकडे कमी, तो जोड दोषी. माझ्या गाडीत घट पिनेवर ३.१, लगवर ३.१ आणि लगपासून दोन बोटांवरच्या कोऱ्या पत्र्यावर ०.०५ होती. दोष त्या दोन बोटांत होता. १० नंबरच्या पान्याने बोल्ट फिरवला तेव्हा तांबूस भुकटी गळून पडली आणि लगच्या खालच्या बाजूला हिरवट-पांढरा थर दिसला. पावसाळ्यात दरवाज्याच्या रबरातून आत आलेले पाणी गालिच्याखाली महिनोन्‌महिने मुरलेले होते.

अर्थिंगखेरीज दोष वारंवार सापडतो तो टाकीवरच्या कपलरच्या पिनांत, जेथे प्लास्टिक वितळलेले दिसते, आणि बाहेरून घातलेल्या जोडांत. चोरी टाळण्यासाठी पंपाच्या वायरीत लपवलेला स्विच, किंवा सीएनजी किट बसवताना पंपाची वायर कापून घातलेला रिले, हे दोन्ही नुसत्या पिळलेल्या वायरी आणि टेपवर टिकून असतात. आपल्या उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळून चिकट होतो आणि जोड उघडा पडतो.

दोन्ही बाजूंची घट कमी आहे, पंपाच्या पिनांवर पूर्ण व्होल्टेज आहे आणि तरीही पंप गप्प आहे, तर पंपाकडे बोट दाखवता येते. खातरजमेसाठी किल्ली बंद करून कपलर काढा, २१ वॅटचा बल्ब कपलरच्या दोन जाड वायरींना घट्ट जोडा आणि मगच किल्ली ऑन करून घ्या. बल्ब दोन-तीन सेकंद लख्ख पेटला तर पुरवठा खरोखर चांगला आहे. वाटेत अडकला असाल तर टाकीच्या तळाला रबरी हातोडीने किंवा बुटाच्या टाचेने हलके ठोकून पाहा. तेवढ्याने पंप चालू झाला तर त्याचे ब्रश झिजले आहेत, घरापर्यंत पोहोचा आणि तो बदला.

सीएनजीवर चालणाऱ्यांनी टाकी जवळजवळ कोरडी ठेवू नये. किटने पंप बंद केला नसेल तर तो पेट्रोलविना तापत राहतो.

## ८. दुरुस्ती

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडवा.

अर्थिंगचा बोल्ट काढून लग आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. पत्र्यावरचा रंगही लगच्या आकाराइतका खरवडला पाहिजे, कारण रंगातून प्रवाह जात नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, नवा बोल्ट आणि दातेरी वॉशर घालून घट्ट करा, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्या. जेली आधी नाही, आवळल्यानंतर लावायची.

खराब वायर काळी पडली असेल तर ती लालसर चमकदार तांबे दिसेपर्यंत मागे कापा आणि मूळ वायरीइतकाच किंवा किंचित जाड तुकडा क्रिम्प करून त्यावर हीट श्रिंक नळी चढवा. नळी आवळण्यासाठी काडी किंवा लायटर टाकीजवळ पेटवू नका. तुकडा बाहेर नेऊन तयार करा, आणि गाडीत शेवटचा जोड क्रिम्पवरच संपवा. वितळलेला कपलर साफ करून पुन्हा वापरण्यात अर्थ नाही, वायरीसकट मिळणारा नवा घ्या.

टाकीच्या आतली वायर तुटली असेल तर साधी वायर तेथे घालू नये, पेट्रोलमध्ये तिचे आवरण फुगते आणि सुटते. टाकी उघडायची असल्यास हे काम अनुभवी माणसाकडे द्या, झाकणाची रबरी रिंग नवीन घालायला सांगा आणि काढलेला जुना भाग परत मागून घ्या.

## ९. तपासणी पुन्हा, तीही गरम गाडीवर

केबल जोडा, किल्ली तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून दाब भरू द्या, पेट्रोलचा वास येत नाही ना ते पाहा आणि मगच सेल्फ मारा. त्यानंतर पायरी ६ मधली चारही मापे पुन्हा घ्या.

माझ्याकडे दुरुस्तीनंतर अर्थिंगची घट ०.०६ व्होल्टवर आली, पॉझिटिव्ह बाजूची ०.३ वरून ०.४ झाली आणि पंपावर ११.९ व्होल्ट मिळाले. पॉझिटिव्ह घट वाढलेली पाहून मी क्षणभर दचकलो होतो. पंप आता पूर्ण जोराने फिरत असल्याने जास्त प्रवाह ओढतो, म्हणून ती थोडी वाढते. मग दुपारी दोन वाजता चाळीसगावहून निघून कन्नडचा घाट चढलो आणि वर पोहोचल्याबरोबर सीट उचलून मीटर लावला. अर्थिंगची घट ०.०७ होती. तो आकडा तारखेसह लिहिलेली वही आजही गाडीच्या कप्प्यात आहे, आणि दर वर्षी मे लागला की त्याखाली मी नवा आकडा लिहितो.